समुद्री शेवाळ आणि ठिसूळ हाडं: ताटलीपासून गोळीपर्यंत

‘समुद्री शेवाळातल्या घटकामुळे हाडांची झीज थांबते’ अशी बातमी दर काही महिन्यांनी येते. पाठोपाठ जाहिराती येतात: केल्प या मोठ्या तपकिरी शेवाळाच्या गोळ्या, फ्युकोइडानच्या कॅप्सूल, ‘वनस्पतिजन्य कॅल्शियम’. घरात पन्नाशी ओलांडलेली बाई असेल आणि तिचं मनगट एकदा मोडून झालं असेल, तर कोणीतरी ती बातमी पाठवतंच. बातमी सहसा खोटी नसते. प्रयोग झालेला असतो, निष्कर्षही छापून आलेला असतो. पण प्रयोग कोणावर झाला आणि बाटलीत काय भरलंय, या दोन गोष्टींत बरंच अंतर असतं. ते समजून घ्यायचं तर सुरुवात हाडापासून करावी लागेल.

## हाड म्हणजे कायम खोदलेला रस्ता

हाड जिवंत असतं आणि त्याची डागडुजी जन्मभर चालू असते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी खोदून नव्याने भरला जातो. हे काम दोन टोळ्या करतात. खोदणाऱ्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, भरणाऱ्यांना ऑस्टिओब्लास्ट. यापुढे आपण त्यांना खोदणाऱ्या आणि भरणाऱ्या एवढंच म्हणू.

आपल्या शहरांतले रस्ते पाहिलेल्यांना पुढचं समजवायला नको. एका जागचं खोदकाम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. तोच खड्डा भरून पक्का व्हायला तीन-चार महिने जातात. खड्डे मोजके असतील तर निभावतं. एकाच वेळी गावभर खोदकाम निघालं की भरणाऱ्या मागे पडतात आणि रस्त्याची चाळण होते.

बाईची पाळी थांबते तेव्हा नेमकं हेच घडतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक खोदणाऱ्यांवर वचक ठेवून असतं. ते आटलं की खोदकाम सैल सुटतं, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडांतला २० टक्क्यांपर्यंत ऐवज निघून जातो. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. आपल्याकडे ‘हाडं ठिसूळ झाली’ म्हणतात. दुखत काहीच नाही, त्यामुळे ते कळतं थेट मनगट, मणका किंवा खुबा मोडल्यावर.

खोदणाऱ्या टोळ्या आपल्या मर्जीने खोदत नाहीत, त्यांना परवाना लागतो. तो परवाना म्हणजे रँक-एल नावाचं प्रथिन. हाडातल्याच इतर पेशी ते तयार करतात. ते खोदणाऱ्यांच्या पूर्वज पेशींना चिकटलं की त्या पेशी एकमेकींत मिसळतात, मोठ्या होतात आणि खोदायला लागतात. शरीराने यावर एक कारकूनही नेमला आहे, ऑस्टिओप्रोटेजेरिन. तो परवाना वाटेतच अडवतो आणि फाइल दाबून ठेवतो. परवाने किती सुटले आणि कारकुनाने किती अडवले, यावर तुमची हाडं टिकतात. शेवाळाबद्दलचे बहुतेक दावे या परवान्याभोवतीच फिरतात.

## शेवाळात आहे तरी काय?

समुद्री शेवाळ एका जातीचं नसतं. तपकिरी, लाल आणि हिरवं असे तीन मोठे गट आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी नातं आपण समजतो त्याहून बरंच लांबचं आहे. मालवणच्या खडकांवर पावसाळ्यानंतर दिसणारं सरगॅसम हे तपकिरी. चायना ग्रास म्हणून आपण वड्यांत घालतो ते अगर लाल शेवाळातून निघतं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कोथिंबिरीच्या रंगाची पातळ पानं दिसतात ती हिरवी अल्वा. हाडांच्या संदर्भात चार गोष्टींची चर्चा होते.

पहिली, फ्युकोइडान. तपकिरी शेवाळाच्या पेशीभित्तीतली ही गंधकयुक्त, चिकट साखरेची लांबलचक साखळी. स्वीडनच्या हॅराल्ड कायलिन यांनी १९१३ मध्ये ती वेगळी केली. प्रयोगशाळेत ती भरणाऱ्या पेशींना चालना देते आणि खोदणाऱ्या तयार होण्यात अडथळा आणते असं दिसलं आहे.

दुसरी, फ्युकोझॅन्थिन. तपकिरी शेवाळाला रंग देणारा हा पदार्थ गाजरातल्या कॅरोटिनच्या भाऊबंदांपैकी. तिसरी, फ्लोरोटॅनिन. चहातल्या तुरट टॅनिनचे हे समुद्री चुलते. एक्लोनिया कावा या कोरियातल्या शेवाळातलं डायकोल त्यात विशेष प्रसिद्ध आहे. हे दोन्ही पदार्थ परवाना अडवत नाहीत. परवाना पेशीला मिळतो, पण आत जाऊन तो वाचला जाण्याच्या साखळीत ते खोडा घालतात. साहेबाची सही झाली, पण शिपायाने कागद पुढे नेलाच नाही, तसं.

चौथी गोष्ट अगदी वेगळी: कॅल्शियम. लिथोथॅम्निऑन नावाचं लाल शेवाळ आपल्या अंगाभोवती चुनखडीचं कवच बांधतं. त्याची भुकटी हेच ते ‘वनस्पतिजन्य कॅल्शियम’. यात परवाना, कारकून वगैरे भानगड नाही, हा भरणाऱ्यांना मिळणारा नुसता मुरूम आहे. पहिल्या तीन आणि या चौथ्या गोष्टीची जाहिरातींत सर्रास भेसळ होते: नाव फ्युकोइडानच्या संशोधनाचं आणि बाटलीत चुनखडी.

भारतातही या विषयावर काम झालं आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने शेवाळाच्या अर्कांची ‘कॅडाल्मिन’ नावाची मालिका काढली आहे. त्यात सांधेदुखी, मधुमेह यांच्यासोबत हाडांच्या झिजेसाठीचाही अर्क आहे. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था तर शेवाळाची लागवड आणि प्रक्रिया यांवर कित्येक वर्षं काम करते आहे.

## ‘फ्युकोइडान’ हे एकच औषध नाही

बातम्यांत हा मुद्दा जवळजवळ कधीच येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

फ्युकोइडान कसं काढतात ते पाहा. शेवाळ गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, दळतात. मग अल्कोहोलमध्ये घोळून रंग आणि मेद काढून टाकतात. उरलेला चोथा गरम पाण्यात किंवा सौम्य आम्लात काही तास ठेवतात. त्या पाण्यात फ्युकोइडानबरोबर अल्जिनेटही उतरतं (दातांचा साचा घेताना डेंटिस्ट जी लगदी तोंडात कोंबतात, ती अल्जिनेटचीच). ते कॅल्शियम क्लोराइड घालून गोठवून गाळतात आणि शेवटी अल्कोहोल ओतून फ्युकोइडान खाली बसवतात.

यात बिघडण्यासारखं बरंच आहे. आम्ल किंवा उष्णता जास्त झाली तर साखळी तुटते आणि तिच्यावरचे गंधकाचे गट झडतात. गुणधर्म मुख्यतः त्या गटांवर अवलंबून असतात. अल्जिनेट नीट गाळलं गेलं नाही तर वजन भरतं पण माल भेसळीचा. शेवाळाची जात बदलली, तोडणीचा महिना बदलला, की साखळीची रचनाही बदलते. म्हणजे ‘फ्युकोइडान ५०० मिलिग्रॅम’ असं लिहिणं ‘आंबा एक पेटी’ असं लिहिण्यासारखं आहे. हापूस की रायवळ ते कळत नाही.

हा फरक किरकोळ नाही. उंदरांच्या सांधेदाहावर २०१० मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लहान साखळीच्या फ्युकोइडानने दाह कमी झाला, तर मोठ्या साखळीच्या फ्युकोइडानने वाढला. नाव एकच, परिणाम उलटा.

## ताटलीतून उंदरात, उंदरातून माणसात

प्रयोगांच्या तीन पायऱ्या असतात, आणि बातमी बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवरची असते.

पहिली पायरी पेशींची. ताटलीत उंदराच्या पेशी घेतात, त्यावर रँक-एल टाकून त्यांना खोदणाऱ्या बनायला लावतात आणि मग शेवाळाचा अर्क घालतात. समजा, दर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम अर्काने खोदकाम थांबलं. आता हिशेब करा. साधारण बांध्याच्या बाईच्या रक्तात अडीच लिटरच्या आसपास द्रव असतो. तेवढ्यात ही मात्रा टिकवायची तर सतत सव्वाशे मिलिग्रॅम पदार्थ रक्तात फिरत राहायला हवा, आणि तो हाडापर्यंतही पोचायला हवा. फ्युकोइडानची साखळी इतकी अगडबंब असते की आतड्याच्या भिंतीतून तिचा फारच थोडा अंश रक्तात उतरतो. ताटलीत पेशींना जे आयतं मिळालं, ते गोळी गिळून मिळत नाही.

दुसरी पायरी उंदीर-घुशींची. मादीचे बीजकोश काढून टाकतात. इस्ट्रोजेन जातं आणि दोन-तीन महिन्यांत हाडं विरळ होतात. हे प्रारूप चांगलं आहे, औषधकंपन्याही तेच वापरतात. पण तीन महिन्यांच्या घुशीची हाडं अजून वाढतच असतात, साठीच्या बाईची नाही. शिवाय मात्रा बघावी लागते. घुशीला दर किलोमागे १०० मिलिग्रॅम दिलं असेल तर माणसासाठी ते ६.२ ने भागतात (लहान प्राण्याचं चयापचय वेगवान असतं म्हणून). म्हणजे किलोमागे १६ मिलिग्रॅम. साठ किलोच्या व्यक्तीला रोज जवळपास एक ग्रॅम शुद्ध अर्क. बाजारातल्या कॅप्सूलवरचा आकडा याच्याशी ताडून पाहिला की बरंच कळतं.

तिसरी पायरी माणसांची. फ्युकोइडान, फ्युकोझॅन्थिन आणि फ्लोरोटॅनिन यांच्या बाबतीत, हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं असं दाखवणारी मोठी मानवी चाचणी झालेली नाही. चुनखडीच्या लाल शेवाळावर मात्र एक बरी चाचणी आहे. उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर विद्यापीठाने पाळी थांबलेल्या ३०० बायकांना दोन वर्षं तीनपैकी एक गोष्ट रोज दिली: शेवाळातलं ८०० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेच कॅल्शियम अधिक एक विद्राव्य तंतू, किंवा तुलनेसाठी औषधी गुण नसलेली पूड. २०१४ मध्ये निकाल आला. हाडांच्या घनतेत तिन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. रक्तातल्या झिजेच्या खुणा कॅल्शियम-तंतू गटात कमी झाल्या, आणि ज्यांची हाडं आधीच थोडी विरळ होती अशा बायकांत या गटाची घट जराशी हळू झाली. हा निकाल प्रामाणिक आहे, पण तो ‘झीज थांबली’ या मथळ्यात बसत नाही.

## मग पुरावा म्हणजे किती पुरावा?

तुलनेसाठी एक उदाहरण. डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन आहे: ६० मिलिग्रॅम, दर सहा महिन्यांनी, त्वचेखाली. हा आपल्या कारकुनाचा कारखान्यात बनवलेला जुळा भाऊ. तोही रँक-एललाच धरून ठेवतो. २००९ मध्ये आलेल्या त्याच्या चाचणीत ७,८६८ बायका होत्या. तीन वर्षांत मणक्याचं नवं फ्रॅक्चर तुलनेसाठी औषधाविना इंजेक्शन घेणाऱ्यांत ७.२ टक्के, डेनोसुमॅब घेणाऱ्यांत २.३ टक्के. खुब्याचं फ्रॅक्चर १.२ वरून ०.७ टक्क्यांवर आलं.

परवाना अडवला तर हाडं वाचतात हे यातून सिद्ध झालं, म्हणजे शेवाळावर काम करणारे शास्त्रज्ञ योग्य दरवाजाच ठोठावताहेत. पण याच इंजेक्शनचा दुसरा धडाही आहे. ते मध्येच सोडलं तर अडवलेले परवाने एकदम सुटतात आणि काहींना एकापाठोपाठ मणक्यांची फ्रॅक्चर होतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याची तारीख चुकवायची नसते. परवान्याशी खेळणारी कोणतीही गोष्ट इतकी ताकदवान असेल, तर ती ‘घेऊन बघू’ या वर्गात बसत नाही. आणि ताकदवान नसेल, तर पैसे कशाचे मोजायचे?

## ‘जपानी लोक रोज खातात, त्यांना काय होतं?’

जपानमध्ये खुब्याची फ्रॅक्चर उत्तर युरोपपेक्षा कमी होतात हे खरं. पण मणक्याची फ्रॅक्चर जपानी बायकांत कमी नाहीत. शेवाळ हाडं वाचवत असेल तर त्याने खुबा वाचवायचा आणि मणका सोडायचा, हे जरा विचित्रच. खुब्याच्या हाडाची ठेवण, पडण्याचं प्रमाण, जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय, आंबवलेल्या सोयाबीनमधलं के जीवनसत्त्व अशी इतर कारणं त्यात मिसळलेली आहेत.

आणखी एक गंमत. २०१० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना असं दिसलं, की नोरी या शेवाळातली साखर तोडणारं जनुक जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत आहे; समुद्रातल्या जिवाणूंकडून ते तिथे आलं. अमेरिकनांच्या आतड्यात ते सापडलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेवाळ खाणाऱ्या आतड्याचा निकाल थालीपीठ खाणाऱ्या आतड्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

## ‘नैसर्गिक आहे, घेऊन बघायला काय हरकत?’

हरकत आयोडीनची आहे.

प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. आपल्या आयोडीनयुक्त मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असतं, त्यामुळे बरीचशी गरज तिथेच भागते. अमेरिकेत प्रौढांसाठी ठरवलेली वरची मर्यादा ११०० मायक्रोग्रॅम. युरोपात तर ६००. आता शेवाळ पाहा. २००४ च्या एका तपासणीत नोरीत दर ग्रॅमला १६ मायक्रोग्रॅम आयोडीन निघालं आणि केल्पच्या दाण्यांच्या एका नमुन्यात ८,००० च्या वर. म्हणजे सुशीभोवती गुंडाळलेली नोरी बिनधास्त खा, पण केल्पच्या पुडीतला पाव चमचाही कित्येक दिवसांचा आयोडीन एका घोटात देऊ शकतो.

एवढ्या आयोडीनने थायरॉइड ग्रंथी बिथरते. काहींची मंदावते, काहींची उधळते. आधी गाठी असलेल्या किंवा वय झालेल्या लोकांची उधळण्याची शक्यता जास्त. आणि उधळलेल्या थायरॉइडचा पहिला फटका बसणाऱ्यांत हाडं असतात. खोदा-भरा हे चक्र निम्म्या वेळात फिरायला लागतं, भरायला पुरेसा अवधीच मिळत नाही. हाडं वाचवायला घेतलेली पुडी हाडंच पोखरू शकते, ती अशी.

बाकीचे धोके थोडक्यात. फ्युकोइडान रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनसारखं वागतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर ते नको. शेवाळातलं के जीवनसत्त्व वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या मात्रेत गडबड करतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियमचा भार पडतो. हिजिकी नावाच्या काळ्या शेवाळात घातक प्रकारचं आर्सेनिक जास्त असतं, म्हणून ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने ते खाऊच नका असा सल्ला दिला आहे.

## ‘शेवाळातलं कॅल्शियम तरी चांगलं ना?’

चांगलं आहे, पण ते कॅल्शियम कार्बोनेटच आहे; औषधाच्या दुकानातल्या साध्या गोळीत असतं तेच. भुकटीत सुमारे एक तृतीयांश कॅल्शियम, सोबत थोडं मॅग्नेशियम. ८०० मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी साधारण अडीच ग्रॅम भुकटी लागते. नियमही तेच: जेवणाबरोबर घ्या, कारण विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आम्लपित्ताच्या गोळ्या रोज चालू असतील तर ते कमी शोषलं जातं. ज्या शेवाळाचं कवच वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर वाढतं, ते समुद्रतळावरून खरवडून आणण्यापेक्षा नाचणी बरी, असं माझं मत.

पाळी थांबलेल्या बाईला भारतीय शिफारशीनुसार रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर दुधात १२० च्या आसपास, आणि तीळ तर १०० ग्रॅमला १२०० च्या वर. नाचणीच्या दोन भाकऱ्या, दोन पेले दूध-ताक आणि चमचाभर तिळाची चटणी यांत अर्ध्याहून जास्त मजल मारता येते. काटे चावून खाता येणारे सुके मासे खाणाऱ्यांची बाजू आणखी भक्कम. उलट, सूपमधल्या पाच ग्रॅम सुक्या वाकामे शेवाळातून मिळतं जेमतेम ५० मिलिग्रॅम, म्हणजे तीन-चार घोट दुधाइतकं.

## गोळी आधीच चालू असेल तर

लेबलवर चार गोष्टी शोधा: शेवाळाच्या जातीचं नाव, एका मात्रेत आयोडीन किती, जड धातूंची तपासणी झाली आहे का, आणि कॅल्शियमचा आकडा मूलद्रव्याचा आहे की भुकटीच्या वजनाचा. आयोडीनचा आकडाच नसेल आणि पदार्थ केल्पचा असेल, तर ती बाटली बाजूला ठेवा.

डॉक्टरांना बाटली दाखवा आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्या. ती बिघडलेली निघाली तर गोळी बंद करून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. थायरॉइडचा स्कॅन करायचा असेल तर केल्प घेत होतात हे आधीच सांगा, नाहीतर ग्रंथी आयोडीनने तुडुंब भरलेली असते आणि स्कॅन चुकीचा येतो. हाडांसाठी डेक्सा ही घनता मोजणारी तपासणी करा. तिच्यातला टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून येणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, किंवा साध्या पडण्याने हाड मोडलेलं असेल, तर उपचाराचं बोलणं हाडांच्या डॉक्टरांशीच करायचं. दुसरी डेक्सा शक्यतो त्याच यंत्रावर करा. यंत्र बदललं की घनतेतला दोन-तीन टक्क्यांचा फरक हाडाचा की यंत्राचा, हे सांगता येत नाही.